रस्त्याचा आवाज आणि आपली झोप: 'सवय होते' म्हणजे नक्की काय होतं?

रस्त्याकडेचं घर बघायला गेलं की एजंट एक वाक्य हमखास ऐकवतो. "आठ दिवसांत सवय होते हो, मग आवाज आहे हे लक्षातही येत नाही." वारज्यातलं घर घेताना आम्हालाही तेच ऐकवलं होतं. खिडकीतून मुंबई-बंगळूर महामार्ग दिसतो. एजंटचं बोलणं खरंही निघालं. पंधरा दिवसांत मला ट्रक ऐकू येईनासे झाले.

मग साताऱ्याहून आई राहायला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "झोप लागते गं, पण रात्रभर कुणीतरी हलवून हलवून कुशीवर वळवतंय असं वाटतं." मी तिला एजंटचंच वाक्य ऐकवलं. पुढे या विषयावर जमेल तसं वाचत गेले, आणि आई किती नेमकं बोलली होती ते कळत गेलं. "सवय होते" हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. आपल्यातल्या कशाला सवय होते आणि कशाला होत नाही, एवढंच इथे नीट मांडायचं आहे.

## आधी डेसिबल समजून घेऊ

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. पण डेसिबल किलो किंवा किलोमीटरसारखा सरळ वाढत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर रिश्टर हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला. त्या मोजपट्टीत आकडा एकने वाढला की हादरा कितीतरी पट मोठा असतो. डेसिबलचंही तसंच आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा १० पट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो.

रात्रीची शांत खोली ३० डेसिबलच्या आसपास असते. समोरासमोर बसून गप्पा माराव्यात तर ६०. स्वयंपाकघरातला मिक्सर ८० च्या पुढे जातो. गाडीचा हॉर्न साडेसात मीटरवरून मोजतात आणि तो ९३ ते ११२ डेसिबलमध्ये असावा असं आपल्याकडचं मानक सांगतं. म्हणजे नियमात बसणारा हॉर्नसुद्धा मिक्सरच्या कितीतरी वर असतो.

या वाकड्या गणितातून एक निराश करणारी गोष्ट निघते. रस्त्यावरची वाहनं दुप्पट झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट, मोठ्या खटपटीने वाहतूक निम्मी केली तरी ३ डेसिबलच कमी होतात, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. त्यामुळे नुसती "गाड्या कमी करा" ही मागणी झोपेच्या दृष्टीने फार पुढे नेत नाही. कोणत्या गाड्या, किती वेगाने आणि किती वाजता जातात, यावर जास्त अवलंबून असतं.

## कानाला पापणी नसते

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही आवाज कानातून मेंदूपर्यंत जातच असतो. एके काळी रानात झोपणाऱ्या माणसाचा जीव यानेच वाचत असे.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. रात्री कुणीही आलं की तो खुर्चीवरून उठतो, टॉर्च मारतो, बघतो. ओळखीचा निघाला तर आत सोडतो आणि पुन्हा बसतो. अनोळखी असेल तर इंटरकॉमवरून तुम्हाला फोन करतो. मेंदूतही अशीच चौकी असते. म्हणून शेजारी टीव्ही मोठ्याने चालू असताना झोपलेली आई बाळ नुसतं कुरकुरलं तरी उठते. आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्याचा आपल्याशी संबंध काय, हे ही चौकी आधी पाहते.

आता एजंटचं वाक्य घ्या. नव्या घरात पहिल्या आठवड्यात वॉचमन प्रत्येक ट्रकसाठी तुम्हाला फोन करतो. पुढे ट्रक त्याच्या ओळखीचे होतात आणि फोन थांबतात. आपण याला सवय म्हणतो. पण तो उठायचा थांबलेला नसतो. प्रत्येक ट्रकला उठतो, बघतो, बसतो. रात्रभर. सकाळी तुम्ही म्हणता, काही कळलंच नाही.

## ट्रक गेला, आपण उठलो नाही. मग बिघडलं काय?

झोप सलग एकसारखी नसते. हलकी, मग गाढ, मग स्वप्नांची, अशी साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं रात्रभर चालतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. गाढ झोपेत नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, हृदय आणि रक्तवाहिन्यांना दिवसभरानंतर उसंत मिळते.

प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवतात, त्याला ईईजी म्हणतात. झोपलेल्या माणसाजवळ ट्रकचा आवाज वाजवला की या लहरी काही सेकंद जागेपणासारख्या होतात. त्याच क्षणी नाडी उसळते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब थोडा चढतो. मग सगळं पूर्ववत होतं, पण बऱ्याचदा झोपणारा गाढ झोपेतून एक पायरी वर हलक्या झोपेत आलेला असतो. याला आपण सूक्ष्म जाग म्हणू. ती इतकी छोटी असते की सकाळी आठवत नाही.

इथे एक खुलासा हवा. पूर्ण शांततेतही धडधाकट माणसाला रात्रीत २० च्या आसपास वेळा अशी छोटी जाग येतेच. एक-दोन ट्रकांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण त्यात रोज भर पडत गेली आणि तीही गाढ झोपेच्या मधोमध, की आवर्तनं मोडायला लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी रात्रीच्या आवाजाविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यात हा फरक आकड्यांत दिसतो. खोलीतला आवाज क्षणभर ३५ डेसिबलला गेला की ईईजीवर जाग दिसू लागते. माणसाला स्वतःला जाग येऊ लागते ती ४२ च्या पुढे. या दोन आकड्यांच्या मधले आवाज आपली झोप हलवून जातात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. जर्मनीच्या अंतराळ व विमान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ७२ माणसांना सलग ११ रात्री प्रयोगशाळेत झोपवलं. विमान, रेल्वे आणि रस्ता असे तिन्ही आवाज वेगवेगळ्या रात्री वाजवले आणि रोज सकाळी झोप कशी झाली ते विचारलं. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांनी तक्रार जास्त केली ती विमान आणि रेल्वेच्या रात्रींबद्दल. झोपेची घडी मात्र सर्वांत जास्त विस्कटली होती ती रस्त्याच्या आवाजाने. वाहन येतं आणि जातं, फार वेळ रेंगाळत नाही, म्हणून जाग आठवणीत राहत नाही. ज्याने सर्वांत जास्त नुकसान केलं, त्याच्याबद्दल तक्रार सर्वांत कमी. "मला आवाजाचा त्रास होत नाही" हे मनापासूनचं वाक्यसुद्धा पुरावा म्हणून का पुरत नाही, ते इथे कळतं.

रात्री सरतात तसं लोकांचं उठणं कमी होतं, हेही अशा प्रयोगांत दिसलं आहे. नाडीचं उसळणं मात्र फारसं कमी होत नाही. वॉचमनचे फोन थांबतात, उठबस थांबत नाही, ती अशी.

## "रस्त्याकडेला धूरही असतो, मग दोष आवाजाला का?"

हा आक्षेप रास्त आहे. महामार्गालगतच्या वस्तीत हृदयविकार जास्त दिसला तर कारण धूर असू शकतं, गरिबी असू शकते, कामाचे तासही असू शकतात.

म्हणूनच प्रयोगातल्या रात्रींना किंमत आहे. तिथे धूर नसतो. फक्त स्पीकर असतो. जर्मनीतल्याच माइन्झ इथे डॉक्टरांनी ७५ निरोगी तरुण-प्रौढांच्या घरी रात्री विमानांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवले, काही रात्री ३० वेळा, काही रात्री ६० वेळा. सकाळी तपासणी केली तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांची गरजेनुसार रुंदावण्याची क्षमता कमी झालेली आढळली, आणि रक्तात ॲड्रिनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं होतं. २०१३ चं हे संशोधन विमानांवरचं आहे, रस्त्यावरचं नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. पण धूर नसतानाही आवाज रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो, एवढं त्यातून पुरेसं स्पष्ट होतं.

रस्त्याच्या आवाजाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत अनेक अभ्यास एकत्र तपासले. दिवस-रात्र मिळून आवाज ५३ डेसिबलच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक १० डेसिबलमागे हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात आहे. हा आकडा ऐकून घाबरून जायचं कारण नाही. समजा एखाद्या वस्तीत १,००० पैकी १०० जणांना हा विकार होणारच होता, तर आता १०८ जणांना होईल, असा त्याचा अर्थ. एका माणसापुरती ही वाढ छोटीच आहे. पण रस्त्याकडेला राहणारी माणसं लाखोंच्या संख्येत असतात. त्याच संघटनेच्या २०११ च्या हिशेबाप्रमाणे वाहतुकीच्या आवाजामुळे एकट्या पश्चिम युरोपात दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षं वाया जातात, आणि त्यातली ९ लाखांवर वर्षं केवळ झोपमोडीच्या खाती आहेत.

युरोपातले आकडे जसेच्या तसे वारज्याला किंवा घाटकोपरला लावता येत नाहीत. तिकडे थंडीच्या बऱ्याच रात्री खिडक्या बंद असतात आणि हॉर्न क्वचित वाजतो. आपल्याकडे दोन्ही उलट आहे.

## सरासरी कशी फसवते

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. योगायोग असा की जागतिक आरोग्य संघटनेची रस्त्याच्या आवाजासाठीची रात्रीची शिफारसही ४५ च आहे. म्हणजे कागदावर आपला कायदा ढिला नाही.

पण हे ४५ डेसिबल आठ तासांच्या सरासरीचे आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या वर्षाच्या सरासरीत तो दिवस कुठेतरी विरघळून जातो. ज्यांच्या घरात गळ्याएवढं पाणी होतं त्यांच्यासाठी मात्र तोच एक दिवस खरा होता.

आवाजाचं उदाहरण स्वतः मांडून पाहू. समजा तुमच्या गल्लीत रात्रभर ४० डेसिबलची छान शांतता आहे. पहाटे तीन वाजता खिडकीखाली कुणीतरी पाच सेकंद हॉर्न दाबला आणि खिडकीशी तो ८० डेसिबल भरला. आठ तासांची सरासरी किती? ४४.४. नियमाच्या आत! अख्खी इमारत दचकून उठली, आणि मोजणीच्या अहवालात तुमची गल्ली शांत ठरली. म्हणून फक्त रात्रीची सरासरी सांगणारा अहवाल कुणी पुढे केला तर एक प्रश्न आवर्जून विचारावा: रात्रीतले सर्वांत मोठे आवाज किती होते, आणि ते किती वेळा झाले?

नियमांतली आणखी एक जागा लोकांना फारशी माहीत नसते. याच नियमांत २०१० साली भर घालण्यात आली. त्यानुसार निवासी भागात रात्री, आणि शांतता क्षेत्रात कधीही, आणीबाणीची वेळ सोडून हॉर्न वाजवायला बंदी आहे. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवणं किंवा सायलेन्सर डावलून धूर सोडणं यासाठी पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. बुलेटचा सायलेन्सर डावलून रात्री फटफटत जाणारा याच कलमात येतो. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांचा एक व्हिडिओ गाजला होता. सिग्नलवर हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. लोकांना मजा वाटली. मला त्यात शहाणपण दिसलं, कारण हॉर्न हा एकच आवाज असा आहे जो एक पैसाही खर्च न करता आज रात्री थांबू शकतो.

## पहाटे चारला सगळं एवढं मोठं का वाटतं?

याला दोन कारणं आहेत, एक आपल्या आतलं आणि एक बाहेरचं.

रात्री अकराला झोपेची भूक जबर असते, म्हणून गोंगाटातही डोळा लागतो. पहाटेपर्यंत ती बरीच भागलेली असते. झोप हलकी झालेली असते. त्यामुळे तोच आवाज चारला उठवतो, आणि एकदा उठलं की पुन्हा झोप लागता लागत नाही. दुधाच्या गाड्या, पेपरचे टेम्पो, पहिल्या एसट्या नेमक्या याच वेळेला निघतात. त्यात अनेक शहरांत जड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असते, म्हणून वाळूचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर रात्री धावतात. दिवसाची कोंडी आपण रात्रीच्या झोपेतून फेडतो.

बाहेरचं कारण हवेचं आहे. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम असते आणि आवाज वरच्या दिशेला वळून निघून जातो. निरभ्र रात्री जमीन आधी थंड होते, खालची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार राहते. मग आवाज पुन्हा खाली वळतो. दिवसा न ऐकू येणारी लांबची रेल्वे रात्री गावात स्पष्ट ऐकू येते ती यामुळेच. महामार्गापासून अर्धा किलोमीटर आत घर आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी घर बघायला एकदा रात्री जावं.

## "आमचं बालपण रुळांच्या कडेला गेलं, काय झालं आम्हाला?"

कुणाला खरंच काही झालंही नसेल. झोपेत आवाज अडवून धरण्याची मेंदूची ताकद माणसागणिक वेगळी असते. शिवाय लहान मुलांची गाढ झोप इतकी पक्की असते की त्यांना उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं तरी कळत नाही. वय वाढतं तशी गाढ झोप आटत जाते. रुळांच्या कडेला दहाव्या वर्षी लागलेली झोप सत्तराव्या वर्षी लागत नाही, आणि म्हातारी माणसं "झोपच येत नाही" म्हणतात तेव्हा घरचे गोळ्यांचा विचार करतात, खिडकीचा करत नाहीत.

सर्वांत जास्त भोगतात ते रात्रपाळीवाले. कंपनीतले कामगार, नर्सेस, सुरक्षारक्षक सकाळी आठला घरी येऊन झोपतात. त्यांच्या झोपेच्या वेळी कायद्याने ४५ ची नाही, ५५ ची मर्यादा असते आणि हॉर्नला रात्रीची बंदी लागू नसते. ज्याचं घर बाजारपेठेत, दुकानांच्या वर आहे, त्याचा भाग व्यापारी ठरला असेल तर त्याला रात्रीही ५५ सोसायला लावता येतात. सदाशिव पेठेत काय आणि दादरला काय, खाली दुकान वर बिऱ्हाड ही आपली जुनी रीत आहे. वर झोपणाऱ्याचं हृदय काही व्यापारी होत नाही.

## घरात काय करता येतं

पहिला उपाय फुकटचा आहे: झोपायची खोली बदला. इमारतीची मागची बाजू पुढच्यापेक्षा बरीच शांत असते, कारण मधे अख्खी इमारत भिंतीसारखी उभी असते. दर्शनी खोलीत हॉल आणि मागे बेडरूम, एवढं पाहून घर घेतलं तरी खूप झालं.

नंतर खिडकी. उघडी खिडकी जेमतेम १० ते १५ डेसिबल अडवते, साधी बंद खिडकी २५ च्या आसपास. पण आपल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना फटी असतात, आणि पाणी झिरपेल तिथून आवाजही झिरपतो. त्या फटींना रबराच्या पट्ट्या लावणं हे महागड्या काचेच्या आधी करायचं काम. जाड पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. झाडांच्या एका रांगेनेही अडत नाही. रस्ता दिसेनासा झाला म्हणून मनाला बरं वाटतं, आणि तेही काही कमी नाही, पण मीटरवर फरक पडत नाही. आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो.

पंखा लावला तर? पंख्याच्या एकसुरी घरघरीत लहान-मोठे आवाज बुडून जातात आणि दचकणं कमी होतं, हे खरं आहे. त्याखाली हॉर्न बुडत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे उपयोगी आहेत, पण लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर ते घालून झोपायची हिंमत होत नाही.

विजेच्या गाड्या आल्या की प्रश्न मिटेल, असं बरेच जण म्हणतात. सिग्नलपाशी आणि गल्लीत खरंच फरक पडेल, कारण कमी वेगात इंजिनाचाच आवाज जास्त असतो. पण मोटारीचा वेग ४०-५० च्या पुढे गेला की टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ ठरतो, आणि टायर विजेच्या गाडीलाही असतात. महामार्गाकडेच्या घरांना वेगमर्यादा आणि चांगल्या डांबरीकरणाचा जास्त फायदा होईल. खड्ड्यावरून रिकामा ट्रक धडधडत जातो तो आवाज तर खड्डा बुजवूनच जाणार आहे.

आमच्या घरी आम्ही आईचा पलंग मागच्या खोलीत हलवला आणि खिडकीला पट्ट्या बसवल्या. हिवाळाभर ती नीट झोपली. एप्रिलमध्ये उकाडा सुरू झाल्यावर खिडकी उघडावी लागली. आता उकाड्याने झोप जास्त मोडते की ट्रकने, याचा रोज रात्री नव्याने विचार होतो, आणि बहुतेक रात्री खिडकी अर्धी उघडी राहते.